दोर कुणाच्या हाती

तनिष्का मगदूमच्या डोक्यात काय काय आहे ते मी पडद्यावर बघितलं आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. उगाच साळसूदपणे सांगण्यात अर्थ नाही. मी जळत होते, आणि जळताना माणूस किती हुशारीने वागतं तेही मला त्याच दिवसांत कळलं.

आम्ही तिघं सांगलीच्या एका कॉलेजात माध्यम विभागाच्या शेवटच्या वर्षाला. मी ईश्वरी सावर्डेकर, हरिपूरची. तनू माझी अकरावीपासूनची मैत्रीण. राहायला विश्रामबागेत, घरचं टाइल्सचं दुकान, स्वभावाने गरीब गाय. तिसरा रेहान पटवेगार, मिरजेचा. त्याच्या हातात कुठलंही यंत्र दिलं की आधी त्याचे स्क्रू कुठे आहेत ते बघतो. तिघांनीही जन्मात एक फिल्म केली नव्हती. चुलत भावंडांच्या लग्नातले रील्स धरले तर गोष्ट वेगळी.

राज्यपातळीवरची विद्यार्थी लघुपट स्पर्धा होती. निवड झाली की कॅमेरा, लाइट, नट, राहण्याजेवण्याची सोय, सगळं मिळायचं. आमच्या आधीच्या पोरांना त्यासाठी पटकथा आणि एकेका दृश्याची रेखाटनं पाठवावी लागायची. आमच्यापर्यंत ते मोडीत निघालं होतं. आता चित्तपट पाठवायचा, म्हणजे मनातलंच चित्र थेट टिपून.

चित्तपटाचं यंत्र विभागात नवीन आलं तेव्हा कुंभोजकर सरांनी फळ्यावर बटाट्यासारखं एक डोकं काढून आम्हाला समजावलं होतं. आपण आंबा बघतो तेव्हा डोक्याच्या मागच्या भागात, शेंडीच्या जरा खाली, पेशींचा एक ठरावीक गट कामाला लागतो. डोळे मिटून नुसता आंबा आठवला तरी बहुतेक तोच गट जागा होतो, फक्त फार मंद. कामाला लागलेल्या पेशींकडे रक्त जास्त धावतं. कवटीतून आत जाऊ शकेल असा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडला की रक्तातला तो फरक मोजता येतो. टोपीच्या आत त्या प्रकाशाचे बारीक दिवे असतात आणि परत आलेला प्रकाश टिपणारे तितकेच बारीक डोळे.

आधी तासभर तुम्हाला टोपी घालून शेकडो चित्रं दाखवतात, म्हणजे यंत्राला तुमच्या डोक्याची बाराखडी येते. मग तुम्ही डोळे मिटायचे आणि कुणीतरी पटकथा वाचायची. तुमच्या मनात जे उभं राहील ते यंत्र ओळखत ओळखत पडद्यावर काढतं, तुटक असेल तिथे अंदाजाने भरतं. रक्ताला धावायला वेळ लागतो, त्यामुळे चित्र नेहमी आवाजाच्या जरा मागून येतं. आणि माणसांचे चेहरे पुसट येतात. चेहरा आपण पाठ नसलेल्या कवितेसारखा अर्धामुर्धा आठवतो, असं सर म्हणाले. रोजच्या ओळखीचं माणूस असेल तरच नाकडोळे नीट उमटतात.

स्पर्धेचा नियम सरळ होता. चित्र ज्याच्या डोक्यातून निघेल तो दिग्दर्शक. पटकथा वाचायला यंत्राचा आवाज चालेल, माणूस चालेल, पण वाचणाऱ्याचं नाव कुठे लागणार नाही.

दिग्दर्शक मीच होणार, यात मला शंका नव्हती. सातवीपासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं, आणि गोष्ट तर सबंध माझी होती.

आमच्या हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखाली साठवायचे. पेव म्हणायचे त्याला. तोंड एका माणसापुरतं, खाली मात्र पोट सुटलेलं, आत उसाचा पाला अंथरलेला. वर्षवर्ष हळद तिथे बसायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कारण कोंडलेली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचं. विझला नाही तर कमरेला दोर बांधून एक जण खाली आणि दोर धरून एक जण वर. कंदील त्याच्या सोबतच खाली राहायचा. मध्येच विझला की वरच्याने विचार न करता ओढायचं. माझे आजोबा पेवात उतरायचे. पप्पा तेव्हा पोरगेले होते, काठावर बसून बघायचे. त्यांच्याकडून ऐकलेली एक रीत माझ्या गोष्टीच्या मुळाशी होती: ज्याच्याशी भांडण असेल त्याच्या हाती दोर द्यायचा नाही.

पुरांनी आणि प्लॉटवाल्यांनी पेवं कधीच बुजवली. दाखवायला म्हणून एकही उरलं नाही. माझ्या गोष्टीत बाप आणि मुलगी महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. तिला गाव सोडून शिकायला जायचंय, त्याला ते नकोय. एके दिवशी त्याचा जोडीदार येत नाही. पेव उघडलेलं आहे, व्यापारी खोळंबलाय. बाप आजूबाजूला बघतो आणि काही न बोलता दोर मुलीच्या हातात देतो. तो खाली गेल्यावर कंदील विझतो. मुलगी दोर ओढते. बस, एवढंच. सर म्हणाले होते, पाच मिनिटांच्या लघुपटाला याहून जास्त काही लागत नाही.

पहिल्या चाचणीला टोपी अर्थात माझ्या डोक्यावर चढली. तासभर चित्रं बघून झाली. तनूने पटकथा वाचायला घेतली. मी डोळे मिटले आणि पेवाचं तोंड, ती ऊब, नाकाला झोंबणारा वास, सगळं मला माझ्या अंगाइतकं जवळ वाटलं. छातीत धडधडलं. शेवटी डोळे उघडले तर रेहान पडद्याची वायर काढून परत लावत होता.

पडद्यावर राखाडी धुकं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं धुकं.

यंत्रात बिघाड असणार म्हणून दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं की डोळे मिटल्यावर मला आंबा दिसतो का. मी म्हटलं, दिसतो म्हणजे काय, आंबा कसा असतो ते मला माहीत आहे. ते म्हणाले, माहीत नाही, दिसतो का. पिवळा रंग, देठाजवळचा डाग. लोक ‘डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं’ म्हणतात ती मला बोलायची पद्धत वाटायची. पोटात कावळे ओरडतात म्हटल्यावर कुणी पोटाला कान लावून बघतं का?

सर म्हणाले, अशी माणसं थोडी असतात पण असतात. मनात चित्र उमटत नाही एवढंच, हा काही आजार नाही. मला ते ‘एवढंच’ फार लागलं.

वातावरण हलकं करायला म्हणून रेहानने टोपी तनूला घातली. ती नको नको म्हणत होती. तिची चित्रं बघून होईपर्यंत मी कोपऱ्यात फुगून बसले होते, आणि मग म्हटलं चला, बाईंनाही धुकं दिसू दे. पटकथा मीच वाचायला घेतली.

तिसऱ्या ओळीला पडदा उजळला. ओल्या मातीच्या कडा असलेलं एक काळं तोंड. मी दोर म्हटलं, जरा वेळाने दोर आला, पिळाचे धागे सुटलेले. मी कंदील म्हटलं आणि कंदील खाली जाताना भिंतीवरची पिवळी भुकटी चमकत गेली. ती पिवळी भुकटी मी लिहिलीसुद्धा नव्हती. मुलगी पाठमोरी होती, चेहरा नव्हता, पण तिचे दंड ताठ झालेले दिसत होते. विश्रामबागेतली ही पोरगी, जिने हळद फक्त डब्यात बघितली, तिच्या डोक्यात माझं पेव होतं आणि माझ्या डोक्यात धुकं.

“लई भारी,” रेहान म्हणाला, तेही पुटपुटल्यासारखं. सर चष्मा पुसत बसले. तनूने टोपी काढून आधी माझ्याकडे बघितलं. मी हसले. असलं हसू देवाने कुणाच्या वाट्याला आणू नये.

घरी गेल्यावर पप्पांना गाठलं. ते बाजार समितीतून येऊन चहा घेत होते. मी विचारलं, तुम्हाला पेव आठवतं म्हणजे दिसतं का हो, खरंखुरं? त्यांना प्रश्न कळला नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात उचलून हवेत एक गोल फिरवला, मध्ये एका जागी बोट थांबवलं. इथं दगड तुटलेला होता, म्हणाले. मला माझ्या सख्ख्या बापाचा हेवा वाटला. आईला विचारलं, तिलाही दिसायचं. शेजारच्या काकूंना सासूचा चेहरा तर नको असताना दिसायचा. सगळ्या गल्लीच्या घरात टीव्ही आणि आमच्याच खोलीत अंधार, असं झालं.

मी मनाशी सरावही केला. समोर टोमॅटो ठेवून बघायचा, डोळे मिटायचे, परत बघायचा. आईने शेवटी तो उचलून आमटीत घातला.

इकडे तनू दिग्दर्शक झाली. कुणी मुद्दाम केलं नाही, यंत्रानेच केलं. निपाणीच्या कुठल्या मुलीला तिच्या डोक्यातल्या मिनिटभराच्या चित्रावर जाहिरात कंपनीने नोकरी दिल्याची बातमी आली, तेव्हापासून तर विभागातली पोरं तनूच्या मागे ‘आमचीही गोष्ट बघ ना’ करत फिरायला लागली. रेहान कॅमेऱ्याचं काहीही विचारायचं झालं की तिच्याकडे बघायचा. चहा सांगायचा झाला की माझ्याकडे. विभागाच्या फलकावर कागद लागला, दिग्दर्शन तनिष्का मगदूम, आणि खाली बारीक अक्षरात लेखन म्हणून मी. येता-जाता मी त्या कागदाकडे न बघण्याची काळजी घ्यायची.

वाईट म्हणजे ती फुशारली नाही. फुशारली असती तर मला सोपं गेलं असतं. ती प्रत्येक गोष्ट मला विचारायची. पेवाचं तोंड एवढं असू दे का गं, बापाने मुंडासं बांधलं तर चालेल का. मला ते भीक घातल्यासारखं वाटायचं.

एकदा कँटीनमध्ये शेवटच्या दृश्याचं बोलणं चाललं होतं. तनू म्हणाली, बाप वर आल्यावर त्याने मुलीला जवळ घेतलं तर? तिला ते दिसलं होतं म्हणे, आणि छान दिसलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, हरिपुरात कुणी कुणाला जवळ घेत नाही. ती म्हणाली, पण दिसायला चांगलं वाटतं. आणि मग मी ते बोलले.

“तुझ्या डोक्यात चित्रं आहेत तनू. अक्कल नाही.”

तिने वडापाव तसाच ठेवला आणि उठून गेली. मला चांगलं वाटलं. थोडा वेळ खरंच चांगलं वाटलं.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. मी विभागात जाणंच सोडलं. स्पर्धेच्या कोल्हापूरच्या केंद्रावर जाऊन अंतिम चित्तपट द्यायचा दिवस जवळ आला होता, त्याचा सराव माझ्याशिवाय चालू होता आणि तो झकास चालला असणार असं मी धरून चालले होते. शनिवारी रेहान हरिपूरला आला. संगमाच्या घाटावर बसून त्याने मला मोबाइलवर एक चित्तपट दाखवला. पटकथा त्याने वाचली होती, टोपी तनूने घातली होती.

पडद्यावर विहीर होती. गोल, स्वच्छ, वर रहाट, बाजूला तुळस. कॅलेंडरवर असते तशी. बाप कुठल्यातरी मालिकेतल्या पाटलासारखा उभा. कंदील विझला तेव्हा चक्क चांदणं पडलं.

रेहानने सांगितलं की यंत्राच्या आवाजावरही हेच आलं. सरांनी स्वतः वाचून बघितलं, तेव्हा विहिरीला पायऱ्या आल्या. मग सरांनी मी पटकथा वाचतानाचे सरावाचे जुने व्हिडिओ लावले आणि आवाज बंद करून फक्त मला बघितलं. मी वाचताना मुठी आवळते. पेवात उतरायची ओळ आली की खांदे आत घेते, जागा अरुंद असल्यासारखे. कंदील विझतो तिथे माझा श्वासच थांबतो. सरांचं म्हणणं असं, की टोपी फक्त डोक्याची मागची बाजू वाचते. ईश्वरीचं पेव तिच्या हातात आहे, छातीत आहे. तिथवर टोपीचा दिवा पोचत नाही. ते तिच्या आवाजात उतरतं आणि तनूचं डोकं त्या आवाजावरून चित्र काढतं.

रेहानला वाटलं असेल की हे ऐकून मी विरघळेन. मी आतून टुणकन उडी मारली. म्हणजे माझ्याशिवाय तनूच्या डोक्यात कॅलेंडर आहे. कोल्हापुरात ती यंत्राच्या आवाजावर बसेल आणि सगळ्यांसमोर विहीर निघेल. मला फक्त घरी बसून राहायचं होतं.

रविवारी तनू स्वतः आली. पप्पांशी बोलली, आईने दिलेले पोहे खाल्ले. अंगणात आल्यावर म्हणाली, “उद्या वाचशील?”

मी विचारलं, वाचणारी म्हणून माझं नाव कुठे लागणार?

“कुठेच नाही. नियम तुला माहीत आहे.” ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. “तरी विचारते. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर मला आत उतरता येत नाही.”

माफी मागायला हवी होती ती मी. मी नुसतं बरं म्हटलं, तेही उपकार केल्यासारखं.

कोल्हापूरच्या केंद्रातली खोली आमच्या विभागातल्यापेक्षा लहान होती. तनू खुर्चीत मागे रेलून, टोपी घालून, डोळे मिटून. तिच्यासमोर मी आणि माझ्या पुढ्यात पडदा. काचेपलीकडे परीक्षक, सर आणि रेहान. नोंद एकदाच होणार होती, दुसरी संधी नव्हती.

मी वाचायला लागले आणि पेव उघडलं. विहीर नाही, पेवच. काळं तोंड, ओल्या कडा. आणि आज कडेचा एक दगड तुटलेला होता. तो मी लिहिला नव्हता. पप्पा बोलले असणार काल पोह्यांबरोबर. मी आवाज उतरवला की चित्र खाली झुकायचं. मी रेंगाळले की कंदील रेंगाळायचा. एका जागी मी मुद्दाम थांबून बघितलं, जरा वेळाने चित्र थांबलं. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्या आवाजाच्या टोकाला बांधलेली होती. मी नेईन तिथे ती जाणार होती.

बाप खाली उतरला. कंदील विझला. पडदा काळा झाला, आणि हळूहळू वरचा उजेड दिसायला लागला. काठावर ती मुलगी, नेहमीसारखी पाठमोरी, हातात दोर.

पुढची ओळ होती, मुलगी दोर ओढते. ती माझ्या तोंडात आली आणि मी ती गिळली. त्या ओळीऐवजी दुसरी ओळ किती सहज बसली असती. तिच्या हातून दोर सुटतो. चार शब्द. तनूच्या डोक्यात ते उमटले असते, बाप खाली राहिला असता, गोष्टीचा चुथडा झाला असता, आणि दोष गेला असता दिग्दर्शकाला. वाचणाऱ्याचं तर नावच नव्हतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

तनूने डोळे उघडले नाहीत. ती थांबून होती. तिचा श्वास थांबला होता हे मला समोर दिसत होतं. ती अजून खाली, अंधारात, माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होती.

मी काहीच वाचत नव्हते. तरी पडद्यावरची मुलगी हलली. ऐकायला माझी ओळ नव्हती तेव्हा तनूच्या डोक्यात स्वतःचं जे होतं ते आलं. मुलीने मान वळवली, आणि इतके दिवस न आलेला चेहरा पहिल्यांदा आला, नाकडोळ्यांसकट, स्वच्छ.

मी होते ती.

मला माझा चेहराही मनात आणता येत नाही, पण समोर आल्यावर ओळखू येतोच की. ओठ घट्ट मिटलेले. डोळे बारीक केलेले, कँटीनमध्ये तनूकडे बघताना करायचे तसे. त्या डोळ्यांत काय होतं ते कुणालाही कळलं असतं. मी जळते हे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, त्या हसण्यापासून माहीत असणार. आणि पडद्यावरच्या त्या जळक्या पोरीने दोर दोन्ही हातांनी धरला होता. असा, की पिळाचे वळ तळव्यावर उठले होते.

भांडण असेल त्याच्या हाती दोर द्यायचा नाही. ही ओळ तनूने माझ्यासमोर कितीदा वाचली होती. सगळं माहीत असून काल तिने तो माझ्या अंगणात येऊन माझ्या हातात दिला होता.

काचेपलीकडे सर खुर्चीतून अर्धे उठले होते.

“मुलगी दोर ओढते,” मी वाचलं.

जरा वेळ पडदा तसाच राहिला. मग दोर ताणला गेला, आणि ती पोरगी, तोच राग चेहऱ्यावर ठेवून, मागे रेलून ओढायला लागली.

तनूने टोपी काढली तेव्हा तिच्या कपाळावर लाल वळ होते. कसं झालं, तिने विचारलं. तिला काय आलं ते तिला पूर्ण ठाऊक होतं, तरी विचारलं. मला पुष्कळ बोलायचं होतं. अक्कल काढल्याबद्दल बोलायचं होतं.

“माझं नाक एवढं मोठं नाही,” मी म्हटलं.

“आहे,” तनू म्हणाली.

आमची निवड झाली. नियमाप्रमाणे दिग्दर्शक म्हणून नाव एकटीचंच लागलं, तनिष्का मगदूम, आणि तो कागद बघून मला आजही जळजळ होते. ते काही जात नाही. पण शूटिंगच्या पहिल्या दिवशी सगळे कॅमेऱ्यामागे उभे राहिले, तनूने डोळे मिटून घेतले आणि माझा हात चाचपून धरला. ती म्हणाली, “तू सांग, मी उतरते.”